काय दिसून राहिलं?

तायडे मॅडम पहिल्यांदा भेटल्या तेव्हा त्यांनी मला माझाच नकाशा वाचायला लावला, आणि मला तो वाचता आला नाही.

अकोल्यात एका दैनिकाच्या कचेरीत मी आलेख आणि नकाशे काढतो. पाऊस किती झाला, धरणात किती साठलं, कापूस काय भावानं गेला, अशा आकड्यांची चित्रं. त्या आठवड्यात जिल्ह्यातल्या विहिरींच्या पाण्याचा माझा नकाशा छापून आला होता. चांगल्या पाण्याला हिरवा ठिपका, खराब पाण्याला लाल. साहेबांनी पाठ थोपटली होती, त्यामुळे मला स्वर्ग दोन बोटं उरला होता. अशात दुपारी साठीच्या पुढच्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी.

"हा तुमी काढला?" त्यांनी टेबलावर एक कागद ठेवला. मी ऐटीत हो म्हटलं.

"मंग सांगा, याच्यात खराब विहीर कोनती?"

ती माझ्या नकाशाची झेरॉक्स होती. सगळे ठिपके एकाच राखाडी रंगाचे. मी म्हणालो, "मॅडम, झेरॉक्समध्ये रंग कसे दिसतील? पेपरात बघा ना."

"पेपरात सगळ्यायले दिसतात काय?" एवढंच बोलून त्यांनी पाठीमागे जठारपेठेतला पत्ता लिहिला. "रविवारी या. येतानी हाच नकाशा पुन्हा काढून आना."

मला राग आला. रविवारी मी गेलो तो खरं तर भांडायलाच. पुढे चार वर्षं जात राहिलो.

मॅडम पाणी तपासणाऱ्या एका खात्यात सांख्यिकी सहायक होत्या. तक्ते भरता भरता नोकरी संपली, पण सवय सुटली नाही. दर रविवारी त्या आठवड्याच्या वर्तमानपत्रांतून एक आलेख कापून घेत. आधी तो जसाच्या तसा हातानं आलेखाच्या कागदावर उतरवायचा आणि मग नव्यानं मांडायचा. याला त्या उसवणं म्हणत. मी पहिल्याच दिवशी दुसऱ्या पेपरातल्या एका आलेखाला हसलो, तर म्हणाल्या, "नावं ठेवनं सोपं असते, बाबू. आधी त्याच्यावानी काढून पाय. त्याचा हात कुठं अडला ते समजते. उसवल्याबिगर शिवण समजत नाही."

नवा आलेख झाला की तो घेऊन आम्ही खाली उतरायचो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, भाजीवाल्या मावशी, शेजारचे निवृत्त कंडक्टर, जो सापडेल तो. मॅडम कागद पुढे धरायच्या आणि विचारायच्या, "काय दिसून राहिलं?" 'समजलं का' असं विचारायला मला सक्त मनाई होती. "समजलं का म्हटलं का मानूस हो म्हनते. इज्जतीचा सवाल असते त्याच्या." समोरचा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत आलेखाखाली पेन्सिलनं लिहायचं आणि तारीख टाकायची. तारीख पडेपर्यंत काम पुरं झालं असं त्या मानत नसत.

एकदा मी धरणांच्या साठ्याचा गोल आलेख नेला. त्याला जाडी दिली होती, सावली दिली होती, वरचे तुकडे जरा उचललेले. इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवून तो नीट पाहिला आणि म्हणाला, "टरबूज हाय." मी गपचूप 'काही भाग स्पष्ट नाही' असं लिहायला लागलो. मॅडमनी पेन्सिल काढून घेतली. "त्याचे शब्द लिही. तुयं मत कोनं इचारलं? त्यानं बरोबर वाचलं, तू टरबूजच काढलं हाय." माझ्या वहीत त्या आलेखाखाली आजही 'टरबूज' असं लिहिलेलं आहे.

कापूस, शाळांचे निकाल, रेल्वेच्या फेऱ्या, सगळं आम्ही उसवलं. फक्त पाण्याच्या नकाशाला त्या हात लावत नसत. माझा तो पहिला नकाशासुद्धा त्यांनी माझ्याकडूनच चार वेळा काढून घेतला, स्वतः एक रेघ ओढली नाही. तिसऱ्या वर्षी मी विचारलं. त्या आत गेल्या आणि पिवळं पडलेलं एक पोस्टर घेऊन आल्या. दर्यापूरकडच्या एका गावाच्या हापशांचं होतं ते. चांगल्या पाण्याच्या हापशीला हिरवा ठिपका, खराबला लाल.

"हे मी काढलं. ते माह्यं माहेर हाय," त्या म्हणाल्या. "खारं पानी जिभेले समजते. हे तसं नव्हतं. चवीले गोड, तपासलं तं खराब. म्हनून पोस्टर. दादा म्हंजे माहा मोठा भाऊ, पुढंच बसला होता. मी सगळ्यायले इचारलं, समजलं का? सगळे हो म्हनले. दादाही हो म्हनला."

काही वर्षांनी दादा मूत्रपिंडाच्या उपचारासाठी अकोल्यात त्यांच्याकडे राहायला आले. मॅडमनी एक दिवस त्यांना लाल टमाटे आणायला पाठवलं. ते अर्धेअधिक हिरवे घेऊन आले. लहानपणीही ते कच्चेच तोडून आणत आणि आई त्यांना येडा म्हणायची. मॅडम तसंच काही बोलायला गेल्या आणि मधेच थांबल्या. त्यांनी पोस्टर शोधून काढलं. दादांनी दोन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "हा अन् हा सारखाच हाय ना व. दोनी मातीच्या रंगाचे."

"मंग तवा हो काहून म्हनला?"

"तू एवढी शिकलेली. सगळे हो म्हनत होते."

लाल-हिरव्या ठिपक्यांत फरकच दिसत नव्हता, म्हणून दादा घराजवळच्या हापशीचं पाणी पीत राहिले. ती लाल होती. "त्याच पान्यानं झालं असं डॉक्टर म्हनत नाहीत," मॅडम म्हणाल्या, "अन् नाही असंही म्हनत नाहीत." दादा गेल्यावर त्या पुन्हा गावी गेल्या नाहीत. वहिनींच्या समोर उभं राहण्याचं बळ त्यांच्यात नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात मॅडम आजारी पडल्या. दुखणं बरं होणारं नव्हतं आणि ते त्यांना माहीत होतं. एका रविवारी त्यांनी त्याच गावाच्या हापशांचा ताजा तपासणी अहवाल माझ्यापुढे टाकला आणि आलेखाचा कागद स्वतःकडे ओढला. चार रविवार लागले. पेन्सिलीची रेघ वाकडी जायची, ती पुसून पुन्हा ओढायच्या. रंग नव्हताच, सगळं काळ्या शाईत. चांगल्या हापशीला भरलेला घडा, खराबला पालथा घडा. मी चेष्टेनं म्हणालो, "पालथ्या घड्यावर पाणी म्हणतील लोक."

"म्हनू दे. पालथ्यात पानी भरत नाही, एवढं तं दिसते." मग थांबून म्हणाल्या, "गावी तू जा. पहिले वहिनीले दाखव."

दर्यापूरपर्यंत एसटी, पुढे जीप. वहिनी ओसरीत तूर निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं, कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, "काय दिसून राहिलं?" त्यांना अक्षरं फारशी येत नाहीत. त्यांनी रस्ता ओळखला, शाळा ओळखली. "शाळेजोळची हापशी, भरला घडा. पेयाचं पानी. हे आमचं घर. हापशी पालथी. हिचं पेयाचं नाही." मग बराच वेळ त्यांचं बोट तिथंच होतं.

"हे तं यायलेही समजलं असतं," त्या म्हणाल्या.

'यायले' म्हणजे दादांना. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. त्यांनी मला जेवू घातलं, आणि मग आम्ही दोघांनी तो कागद समाजमंदिराच्या भिंतीवर लावला. त्याची नक्कल माझ्याजवळ होती. परतीच्या एसटीत ती मांडीवर घेऊन बसलो. 'वहिनींना नीट कळलं' एवढं लिहिलं असतं तर ते खोटं नव्हतं. मरणाच्या दारातल्या बाईला दादांबद्दलचं ते वाक्य कशाला दाखवायचं? मूर्तिजापूर गेलं तरी माझी पेन्सिल हलली नाही. अकोला येता येता मी वहिनींचे शब्द लिहिले, जसेच्या तसे.

तसाच दवाखान्यात गेलो. ती आमची शेवटची भेट ठरली. मॅडमनी चष्मा मागून घेतला आणि ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग कागद छातीवर ठेवला.

"वहिनीनं जेवू घातलं?"

"हो. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या सोल्यांची भाजी."

"पानी कुठलं देलं?"

"शाळेजवळच्या हापशीचं. विचारलं मी."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेनं पाणी उशीपर्यंत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. थोड्या वेळानं त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

"तारीख राहिली, बाबू," त्या म्हणाल्या. "तारीख टाक."