इराची पहिली रायफल

अमेरिकेत हर्नडनमधल्या आमच्या शनिवारच्या चहाला किश्शांची टंचाई कधीच नसते. ऑफिस, व्हिसा, कुणाच्या तरी सासूबाईंचं चुकलेलं विमान, काहीही चालतं. पण मागच्या वर्षी मिलिंदनं सगळ्यांना मागे टाकलं. मिलिंद मूळचा पुण्याचा, माझ्याच टीममधला. त्याच्या चौदा वर्षांच्या इराला हरणाची शिकार शिकायची होती!

*

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांच्याकडे जेवायला होतो, चिकनचा बाहेरून आणलेला रस्सा वाढून घेत होतो. म्हटलं, "अगं, बिचाऱ्या हरणानं तुझं काय वाकडं केलंय?"

इरानं शांतपणे माझ्या ताटाकडे बघितलं. "काका, and what did the chicken do?"

रस्सा झकास होता. पण मी परत घेतला नाही.

*

शिकारीचा सेफ्टी कोर्स पास झाल्यावर रायफल घ्यायला तिघं गेले: इरा, मिलिंद आणि शेजारचा जिम. जिम आयुष्यभर शिकार करत आलेला, इराचा गुरूच म्हणा ना.

मिलिंदनं दुकानातली सगळ्यात दणकट रायफल निवडली. इरानं खांद्याला लावली, तर खांद्याला टेकणारा दस्ता एवढा लांब की मान ताणूनही डोळा वरच्या दुर्बिणीपर्यंत पोचेना.

"असू दे गं, वाढत्या अंगाची घेऊ. कॉलेजपर्यंत पुरेल!"

"बाबा, it's not a school uniform!"

मग ती एकेक रायफल रिकामी आहे ना हे बघून, डोळे मिटून खांद्याला लावायची आणि डोळे उघडायची. दुर्बिणीतून लगेच नीट दिसलं तर ठीक, नाहीतर परत. शेवटी तिनं आखूड दस्त्याची, हलकी, कमी धक्क्याची एक निवडली.

"फार छोटी नाही वाटत?" मिलिंद कुरकुरला.

त्यावर इरा चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मोठीचा धक्का बसला की मी घाबरणार. घाबरले की नेम चुकणार. मग हरीण जखमी होऊन पळेल, आणि मरायला त्याला खूप वेळ लागेल."

पोरगी एवढं सलग मराठी पहिल्यांदाच बोलली होती. मिलिंदनं कार्ड काढलं.

*

नेमबाजीच्या रेंजवर इराच्या गोळ्या एका बशीत मावतील इतक्या जवळ जवळ लागल्या. मिलिंदला हुरूप आला. त्यानं जिमची मोठी रायफल मागून घेतली आणि एकच बार काढला.

सोमवारी साहेब ऑफिसात डाव्या हातानं टाइप करत होते! मॅनेजरनं विचारलं, "What happened?"

मिलिंद म्हणाला, "Parenting."

*

इराच्या आईचा, स्वातीचा, या सगळ्याला ठाम विरोध. "ती वस्तू माझ्या डोळ्यांसमोर नको!" रायफल तळघरातल्या तिजोरीत.

खंडेनवमीला मिलिंदनं पूजेला लॅपटॉप, पाना, स्क्रू-ड्रायव्हर मांडले. स्वाती हळदकुंकू घेऊन आली, पाटाकडे बघितलं आणि म्हणाली, "आणि इराची रायफल कुठाय? तिनं काय पाप केलंय?"

इरानं रायफल आणली, उघडून रिकामी असल्याचं आईला दाखवलं. स्वातीनं कुंकू लावलं, फूल वाहिलं. आणि इराच्या कपाळालाही बोट टेकवलं.

*

नोव्हेंबरात इराला हरीण मिळालं. एकच गोळी, जागच्या जागी. जिम सांगत होता, ती बराच वेळ हरणाच्या मानेवर हात ठेवून बसली होती. तिला घाई करायचं जिमला धाडस झालं नाही.

स्वातीनं जन्मात अंडंसुद्धा खाल्लेलं नाही. तरी मटण घरी आलं तेव्हा तिनं गॅरेजमध्ये वेगळी शेगडी मांडली, नवं पातेलं आणलं. "पोरीनं जीव घेतलाय, तर त्यातलं काही वाया जाता कामा नये," म्हणाली. नागपूरच्या मैत्रिणीला फोनवर विचारून विचारून तिनं एकटीनंच रस्सा केला. आम्हाला आत फिरकू दिलं नाही.

पानं मांडली. इरानं स्वतः वाढलं. आम्ही पहिला घास घेणार, एवढ्यात वरणभाताचं ताट घेऊन बसलेली स्वाती म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय. वरून घ्या हं."