उधारीची टाळी

सन दोन हजार तेवीस, उन्हाळ्याची सुरुवात. धुळवड होऊन आठवडा झाला होता. धुळवडीनंतर आमच्याकडे हमखास गर्दी होते. आमच्याकडे म्हणजे चिखलीतल्या व्यसनमुक्ती केंद्रात. मी तिथे गेटवर असतो. शाळा चौथीपर्यंत. मग सगळा जन्म एका वर्कशॉपमध्ये, पत्रा कापायच्या प्रेसवर. रिटायर झालो, पण घरी बसून खाणारा माणूस मी नाही.

गेटवर चपला साठतात, तसे किस्सेही साठतात. कुणाचा कुठला ते पुढे आठवत नाही. चांदणीचे तेवढे मी वेगळे काढून ठेवले आहेत.

*

चांदणी तृतीयपंथी. रिक्षातून तिला घेऊन आली तिची गुरू, पारूअम्मा. वय माझ्याएवढंच, आवाज माझ्यापेक्षा मोठा.

"एक चेली माझी दारूनंच गेली," पारूअम्मा म्हणाली. "डॉक्टर म्हणतो, हिचं लिव्हर पण तसंच झालंय. ही पण गेली तर म्हातारपणी मी कुणाच्या हातचा चहा पिऊ?"

गेटवर झडतीचा नियम आहे. पुरुषांची मी घेतो, बायकांची सिस्टर घेते. हिची कुणी घ्यायची? सिस्टर माझ्याकडे बघते, मी सिस्टरकडे.

चांदणीच म्हणाली, "नाना, तुम्ही पर्स बघा. सिस्टर मला बघतील. सगळ्यांचीच अब्रू राहील!"

पर्समध्ये बदाम तेलाची बाटली निघाली. मी बूच काढून वास घेतला. देशी!

"बदामाचा असा वास येतो व्हय गं?"

"बदाम जुने आहेत, नाना!"

*

मग प्रश्न आला झोपायचा. पुरुषांचा हॉल मोठा. बायकांची खोली लहान, चार कॉटची. साहेबांनी केबिनमध्ये मीटिंग लावली. डॉक्टर बोलले, कौन्सेलर मॅडम बोलल्या, साहेब तर लईच बोलले. तासभर चांदणी बॅग घेऊन व्हरांड्यात उभी.

बायकांच्या खोलीत नांदेडकडची एक काकू होती. झोपेच्या गोळ्यांची सवय सोडवायला आलेली. तिनं दारातून डोकं बाहेर काढलं.

"काय करायलेत हे लोकं एवढा वेळ?"

मी सांगितलं.

काकूनं चांदणीला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घोरतीस का गं?"

"नाही, काकू."

"मग ये आत. आधीची लई घोरायची!"

मीटिंग त्यानंतरही अर्धा तास चालू होती.

*

रोज संध्याकाळी सभा भरते. प्रत्येकानं उठायचं, नाव सांगायचं, व्यसन कबूल करायचं. मग सगळे टाळ्या वाजवतात.

चांदणी उठली. "मी चांदणी. मी बेवडी."

संतोष नावाचा एक जण होता, चाकणच्या कंपनीत सुपरवायझर. तो मागून म्हणाला, "बाई म्हणून बेवडी की पुरुष म्हणून, तेवढं क्लिअर कर!"

चांदणी शांतपणे म्हणाली, "भावा, तुझी बायको माहेरी गेली तेव्हा तू पूर्ण पुरुषच होतास ना? थांबली का?"

पहिला हसला तो संतोषच. त्या दिवसापासून तो तिला ताई म्हणायला लागला. आपलं जेवणाचं ताटही तिच्या शेजारी लावायचा.

तर हसू थांबलं आणि चांदणीनं खूश होऊन टाळी वाजवली. त्यांची टाळी वेगळी असते. एकच, पण खिडक्या वाजतात. दोन मिनिटांत गेटवरचा फोन वाजला. मागच्या सोसायटीतल्या बाई होत्या.

"अहो, तुमच्याकडे बारसं आहे की लग्न?"

*

सकाळी योगासनं. मास्तर शिस्तीचे. पहिल्याच दिवशी ओरडले, "पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे!"

चांदणी जाऊन मधोमध उभी राहिली.

"तिथे काय?"

"सर, इथून दोन्हीकडचे चुकतात ते दिसतं."

मास्तरांनी आठवडाभर सहन केलं. मग एक दिवस ते कार्तिकी एकादशीच्या उपासासारखं तोंड करून म्हणाले, "चांदणी, पुढे ये. तूच घे."

*

मी सभेला दारात उभा असतो. टाळ्या वाजवत नाही. उजवा हात खिशात. चांदणीच्या ते लक्षात आलं.

"नाना, तुमची टाळी महाग आहे का?"

"काम कर आपलं."

"एवढी माणसं दारू सोडतात, तुम्हाला कौतुक नाही?"

मी हात बाहेर काढून दाखवला. दोन बोटं प्रेसनं नेली, त्याला लई वर्षं झाली. टाळी वाजवली की फुसका आवाज येतो, लोक वळून बघतात. बघितलेलं मला आवडत नाही.

तिनं चुकचुक केलं नाही. हात उलटसुलट करून पाहिला, एखादी काकडी निवडावी तसा.

"नाना, आमची टाळी बोटांची नसतेच. तळव्याची असते. बोटं फाकवायची, एक हात उभा, एक आडवा. बोटाला बोट लागलं की टाळी बाद. आमच्या पोरींना बोटं बाजूला ठेवायला सहा-सहा महिने लागतात. तुमची दोन तर मशीननंच बाजूला ठेवलीत!"

गेटमागे, कुणी नसताना, तिनं मला शिकवलं. माझी पहिली टाळी ऐकून म्हणाली, "पापड मोडला का कुणी?" चौथ्या दिवशी मात्र कठड्यावरची कबुतरं उडाली.

मी म्हणालो, "मी फुकट काय घेत न्हाई. काय देऊ?"

"माझं दारूशिवाय वर्ष झालं, की भर सभेत एक टाळी. सगळ्यांसमोर, हात बाहेर काढून. तोवर उधार."

"आणि वर्ष न्हाई झालं तर?"

"तुमची उधारी वसूल करायला तरी जगावं लागेल ना, नाना."

हे बोलताना ती हसली नाही.

*

पावसाळ्याच्या तोंडाला ती घरी गेली. दर रविवारी सभेला यायची. दिवाळीत आली नाही.

भाऊबीज झाली, आणि सकाळी गेटवर ती उभी. साडी चुरगळलेली. चिंचवड स्टेशनपासून चालत आलेली. बाजारात दुकानादुकानांतून पैसे मागत फिरताना कुणीतरी ग्लास पुढे केला होता. एक घेतला, मग मोजले नाहीत.

"नाना, तुमची टाळी वाचली."

मी म्हणालो, "पर्स दे."

पर्स रिकामी होती. मी गेट उघडलं.

दुसऱ्या दिवशी पारूअम्मा आली. गेटबाहेर स्टूल मागून बसली, डबा मांडीवर.

"बोलवू का तिला?"

"मी बोलत नाही तिच्याशी. घराचं दार बंद म्हणून सांगितलंय. डबा तेवढा द्या. आणि सांगा, मीठ कमी घातलंय, डॉक्टरनं सांगितलंय तसं. भाकरी गरम आहे तोवर खा म्हणावं. खालच्या पुड्यात चटणी आहे, ती थोडीच खा म्हणावं. पण मी बोलत नाही!"

डबा रोज यायला लागला. पारूअम्मा रोज बोलायची नाही, अर्धा अर्धा तास.

चांदणीचं वर्ष पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

*

मधल्या काळात काकू घरी गेली. संतोषची बायको परत आली. साहेबांनी बायकांच्या खोलीत पाचवी कॉट टाकली, त्यासाठी पुन्हा तासभर मीटिंग घेतली. चांदणी बरी होऊन पारूअम्माकडे राहायला गेली. रविवार एकही चुकवला नाही. गेटवर यायची, मी म्हणायचो, "पर्स." ती उघडून दाखवायची. आम्ही दुसरं काही बोलत नव्हतो.

*

सन दोन हजार चोवीस. दिवाळी सरली होती, सकाळी गारवा पडत होता. रविवारची सभा. हॉल भरलेला. संतोष बायकोला घेऊन आलेला. पारूअम्मा पहिल्या रांगेत, नवी नऊवारी नेसून.

चांदणी उठली. "मी चांदणी. आज वर्ष झालं."

पारूअम्मानं पदर तोंडाला लावला. साहेबांनी नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आपल्या नेहमीच्या. चांदणीनं हात वर करून त्या थांबवल्या.

"ह्या राहू द्या. माझी एक बाकी आहे."

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी दारात उभा होतो. मी उजवा हात खिशातून बाहेर काढला. ज्याला बघायचं त्यानं बघून घेतलं. मी बोटं फाकवली. एक तळवा उभा, एक आडवा.

गेटवरचा फोन वाजला.