वितळायला कशाला हवं?

तापलेल्या लोखंडाचा नुसता रंग बघून ते किती नरम झालंय हे आमचे मामंजी सांगत. झाशीच्या रेल्वे कारखान्यात, लोहारखान्यात, सगळी नोकरी गेली त्यांची. घरीही नजर तीच. स्वयंपाकघरात डोकावून म्हणत, "सूनबाई, तव्याची आंच कमी कर." आणि पोळी खरंच करपलेली असे.

कटकट सुरू झाली ती मोबाईलमुळे. आमचे हे, म्हणजे मामंजींचा विनू, सरकारी कंपनीत इंजिनिअर. कुठलासा व्हिडिओ पाहिला आणि रोज जेवताना तेच. विमानं धडकून जळालेले अमेरिकेतले ते मनोरे आगीने पडलेच नाहीत, आत आधीच बॉम्ब ठेवले होते! "बाबा, उतनी आग में लोहा पिघलता ही नहीं." मामंजी हातातला घास खाली ठेवत. "अरे, वितळायला कशाला हवं? लाल झालं की नरम पडतं, नरम पडलं की वजन पेलत नाही. मग वरचे मजले काय हवेत राहतील?" तोवर वरण निवलेलं. किती वेळा गरम करायचं माणसाने!

एका रविवारी मामंजींनी अंगणात कोळशाची शेगडी पेटवली. सळईचं एक टोक भिंतीत खोचलं, दुसऱ्याला पाण्याची बादली टांगली, मधला भाग निखाऱ्यांवर. पंख्याने वारा घालून घालून घामाघूम झाले. सळई लाल झाली, वाकली आणि बादली जमिनीला टेकली. "बघ विनू, थेंब तरी वितळला का?" हे वाकून सळई निरखू लागले. मग "पतली थी" म्हणून आत निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात सदरबाजारात, चहाच्या टपरीवर, मामंजी शेजारी बसलेले असताना चार मित्रांसमोर हे म्हणाले, "बाबा तो हथौड़ा चलाते थे, डिग्री हमारे पास है." मामंजी तसेच उठून घरी आले. मला म्हणाले, "मनोऱ्यांचं मला काय गं? पोराने माझा हात खोटा ठरवला."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. "त्याला सांग, नळाला पाणी आलंय." "बाबांना सांग, औषध आणलंय." एकाच खोलीत बसून असं! मी काय पोस्टमन आहे का, असं एकदा ओरडलेसुद्धा. खरं सांगते, दोघांचाही वीट आला होता मला.

आठ महिन्यांनी मामंजींना दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरांनी आशा सोडली होती. हे पलंगाच्या पायथ्याशी उभे. मामंजींनीच हाक मारली. "विनू, असेल रे. तू म्हणतोस तसे बॉम्बच असतील. आता बोल माझ्याशी."

हे ढसाढसा रडायला लागले. "नाही बाबा, तुमचंच खरं. उस दिन आँगन में ही समझ गया था मैं."

"मग तेव्हाच का नाही बोललास रे?" मामंजींनी एवढंच विचारलं.

यांनी मामंजींचा हात आपल्या कपाळाला लावला. मामंजी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले.