सतरा मिनिटं मागं

तौकीरच्या डोक्यात किडा हाय, हे मी त्याच्या तोंडावर सांगतो. शेलूबाजारच्या स्टँडजवळ आमचं दोघांचं एकच दुकान. मी धम्मरत्न, मोबाईल विकतो. तो दुरुस्त करते. पण आठ महिन्यांपासून फुकटच्या कामात जीव काढून राह्यला.

झालं असं. त्याचे अब्बा, रज्जाकचाचा, बावीस वर्षं मशिदीत अजान देत होते, हातघडी पाहून. तौकीरनं हौसेनं छोट्या कम्प्युटरवर चालणारा नमाजच्या टाइमाचा बोर्ड लावून देला. रमजानात एका पहाटे लाइट गेली. बोर्डातल्या घड्याळीचा सेल मेलेला, म्हणून ती थांबली, अन् लाइट आल्यावर थांबली होती तिथूनच चालू झाली. सतरा मिनिटं मागं. चाचानं बोर्ड पाहून सहेरीची, म्हणजे रोज्याआधी खाण्याची, वेळ संपल्याचं सांगतलं, तोवर अर्धं गाव टाइम टळल्यावरही खात होतं. घरोघरचा रोजा गेला. चाचाले कोणी शिवी नाई देली, पण त्यायनं माइक सोडला तो सोडलाच.

मी म्हटलं, बाबा, नवा सेल टाक अन् मोकळा हो.

"सेल तर मरणारच, धम्मा," तौकीर म्हणे. "पण तो मेल्यावर घड्याळीनं खोटं काहून बोलावं?"

बोर्डातल्या घड्याळीच्या चिपमधी करंट तुटल्याची खूण राहते म्हणे. पण लिनक्समधला ड्रायव्हर, म्हणजे घड्याळीचं कम्प्युटरले सांगणारा प्रोग्राम, ती खूण पाहतच नाई. यानं ती पाहाले लावली अन् दुरुस्ती ईमेलनं, तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या परदेशातल्या सायबाले पाठवली.

मग सुरू झाला तमाशा. पहिलं उत्तर, ओळीच्या सुरुवातीले स्पेस नको, टॅब पायजे. मग एका दुरुस्तीचे दोन तुकडे करा. मग दोन महिने चिडीचूप. मग लिनक्सची नवी आवृत्ती आली, तिच्यावर पुन्हा बसवून दाखवा. तहसीलच्या दाखल्यालेही इतके हेलपाटे पडत नाई, माह्या तर मस्तकात गेलं. काल सातवं उत्तर आलं: काम बरोबर हाय, पण ही दुरुस्ती काहून पायजे ते वर्णनातून समजत नाई. तौकीरनं लॅपटॉप आपटून बंद केला. म्हणे, चुलीत गेलं सारं.

तेवढ्यात चाचा डबा घेऊन आले. टेबलावर तोच बोर्ड होता, सेल काढलेला, अन् टाइमाच्या जागी नुसत्या रेघा. हे काय, म्हणून त्यायनं विचारलं. मीच सांगतलं, तौकीरनं त्याले शिकवलं, माहीत नसलं तर माहीत नाई म्हणाचं.

चाचानं डबा टेबलावर ठेवला अन् त्या रेघांवर बोट फिरवलं.

"त्या दिवशी माही हातघडी बरोबर होती, बेटा," ते म्हणाले. "दोघांत फरक दिसला होता मले. पण बोर्ड तुया हातचा, तो कसा चुकीन? म्हणून मी चूप राह्यलो."

डबा बाजूले सारून तौकीरनं लॅपटॉप उघडला अन् आठव्यांदा लिहाले बसला. पहिली इंग्रजी ओळ लिहून झाल्यावर मले तिचा अर्थ सांगतला: लोक आपल्या मनगटावरच्या घडीपेक्षा या घड्याळीवर जास्त भरवसा ठेवतात.