हॅलोवेल सरांना ऐकवलेलं शेवटचं प्रकरण

हॅलोवेल सरांच्या घरी कामाला जाल का, असं एजन्सीच्या बाईनं फोनवर विचारलं तेव्हा लेम्पी लेहतोचे हात पिठात होते. वेलदोडा घातलेला निसू पाव ती दर गुरुवारी करायची. फोन मान आणि खांद्यात धरून ती म्हणाली, "जाते." पगार, वेळ, काही विचारलं नाही.

नवरा रेनो टेबलाशी कॉफी पीत होता. "कुठला हॅलोवेल? शाळेतला तो?"

"तोच."

"अगं, मग नाही म्हण की. कामांना काय तोटा आहे?"

"का म्हणू नाही? सदतीस वर्षं वाट बघतेय मी."

रेनोनं कॉफीचा कप उचलला. ही गोष्ट निघाली की बायकोचा आवाज कसा खाली जातो ते त्याला माहीत होतं. मोठ्यानं भांडणारी लेम्पी त्याला परवडायची, हळू बोलणारी नाही.

झालं होतं ते असं. लेम्पी दहावीत होती. सुपिरियर सरोवराच्या काठावरच्या त्या गावात तांब्याच्या खाणी बंद पडत आल्या होत्या, आणि तिचा बाप उर्हो कार्वोनेन जंगलात झाडं तोडायला जायचा. घरी बोलणं सगळं फिनिश. हॅलोवेल सर इंग्रजी शिकवायचे. पूर्वेकडून आलेले, टापटिपीचे, कोटाच्या खिशात कायम एखादं पुस्तक. त्यांनी एका जुन्या जाड कादंबरीवर निबंध लिहायला सांगितलं. वर्गातल्या बहुतेकांनी पहिली चार प्रकरणं वाचून भागवलं. लेम्पीनं शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि निबंध लिहिला तो शेवटावरच, अकरा पानी.

सरांनी तिला उभं केलं. "हे तुझं नाही," ते म्हणाले. "तू पुस्तक वाचलेलंच नाहीस. कुणाकडून तरी ऐकून लिहिलंस."

"वाचलंय सर."

"लाकूडतोड्याच्या घरात असलं इंग्रजी येतं कुठून?"

वर्ग हसला. तेही तिनं गिळलं असतं. पण सरांनी बापाला बोलावून घेतलं. उर्हो कामावरून तसाच आला, बुटांना भुसा चिकटलेला. मुख्याध्यापकांच्या खोलीत टोपी दोन्ही हातांत धरून उभा राहिला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "माझी मुलगी वाईट केली. मी माफी." पोरीला त्यानं एका शब्दानं विचारलं नाही. शिक्षकानं सांगितलं म्हणजे खरंच असणार, असा त्याचा सरळ हिशोब. घरी परतताना गाडीत तो एवढंच म्हणाला, "आता झालं ते झालं." तिचं नाव शिष्यवृत्तीच्या यादीतून गेलं. नाताळनंतर ती शाळेत गेलीच नाही. वृद्धाश्रमाच्या धुलाईखोलीत लागली, तिथून वर चढत म्हाताऱ्यांची शुश्रूषा करायला लागली, ती आजतागायत.

आणि हॅलोवेल सर गावात मोठे होत गेले. त्यांनी एक कार्ड छापून घेतलं, 'रोज पंधरा पानं'. बारा महिने, बारा अभिजात ग्रंथ, कोणत्या दिवशी कुठून कुठपर्यंत वाचायचं ते आखलेलं. गावच्या वाचनालयात ते कार्ड फुकट मिळायचं. घराघरांत फ्रिजवर लावलेलं दिसायचं. वाचत कुणी नसे, पण लावलेलं असे.

लेम्पीनंही एक आणलं. रेनोला वाटलं होतं की चुलीत घालायला आणलंय. पण तिनं ते वाचायला घेतलं. धुलाईखोलीत यंत्रं फिरत असताना, पोरं झोपल्यावर, दवाखान्याच्या बाकावर. रोज पंधरा पानं. ज्या माणसानं आपल्याला पुस्तकातून हाकललं त्याच्याच नकाशावरून आत शिरायचं, अशी तिची जिद्द. रोज पंधरा जमायची नाहीतच; पहिल्या फेरीला चार वर्षं लागली. पुस्तक संपलं की कार्डाच्या मागं तारीख टाकायची. पुढे दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. आनंदासाठी वाचते का, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, छे. मध्येच एखादं पान इतकं सुंदर निघायचं की तिला स्वतःचाच राग यायचा.

तर आता हॅलोवेल सर ब्याऐंशीचे होते. बायको वारलेली, मुलगी मिलवॉकीला, दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेली. लेम्पीनं सकाळी दहाला यायचं, जेवण करायचं, औषधं द्यायची आणि दोन वाजेपर्यंत थांबायचं. पहिल्या दिवशी दार उघडताना तिच्या मनात एकच होतं. ओळखतील का?

"नाव काय म्हणालीस?"

"लेम्पी."

"इथल्या फिनिश बायकांची नावं सगळी सारखीच वाटतात मला," सर म्हणाले आणि खुर्ची चाचपत बसले. "वाचता येतं ना नीट?"

"येतं सर."

"मग स्वयंपाक झाला की पंधरा पानं वाचायची. माझ्याच कार्डाप्रमाणं. मला पुन्हा एकदा सगळं ऐकायचंय, क्रमानं."

लेम्पीनं वाचायला सुरुवात केली. पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. म्हातारा डोळे मिटून ऐकायचा, अधूनमधून "वा" म्हणायचा. तिसऱ्या आठवड्यात मात्र तिच्या कानाला काहीतरी खटकलं. पहिल्या पुस्तकातला धाकटा भाऊ पुढे मरतो, हे वाचलेल्या कुणालाही ठाऊक असतं. ते पान आलं तेव्हा सर एकदम ताठ बसले. "काय? मेला?" आणि मग घाईनं, "हो हो, आठवलं. चटका लावतं हे दर वेळी."

लेम्पीनं मान वर केली. म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला होता.

दुसऱ्या दिवशी सर आंघोळीला गेल्यावर तिनं कपाटातली पुस्तकं एकेक काढून पाहिली. बारीक पेन्सिलीनं समासात टिपणं होती, हुशार, देखणी. पन्नासाव्या पानापर्यंत, कुठं साठाव्या. पुढची पानं कोरी, एकमेकांना चिकटलेली. बारापैकी नऊ पुस्तकांची तीच कथा. जिच्यावर तिनं निबंध लिहिला होता त्या कादंबरीत खूण अडतीसाव्या पानावर होती.

ती जमिनीवरच बसली. बाप डोळ्यासमोर उभा राहिला, टोपी धरलेला.

त्या दिवशी तिनं चाचणी म्हणून एका पात्राचं लग्न भलत्याशीच लावून दिलं. "छान जमवलंय," सर म्हणाले. मग तिनं एका जहाजाला बुडू दिलं नाही. सरांना पत्ता नव्हता. लेम्पी घरी गेली ती गाणं गुणगुणत. रेनोनं विचारलं, "आज काय झालं?"

"काही नाही. बकरा सापडला."

"लेम्पी, म्हातारा आंधळा माणूस आहे तो."

"माझा बाप काय डोळस होता? दोन अक्षरं वाचता येत नव्हती त्याला. तेव्हा कुणाला दया आली?"

वाचन बाराव्या पुस्तकापर्यंत आलं तोवर मे उजाडला, आणि बातमी आली की वाचनालयाच्या नव्या वाचनकक्षाला हॅलोवेल सरांचं नाव द्यायचं ठरलंय. समारंभ जूनच्या दुसऱ्या शनिवारी, दुपारी दोनला. सर हरखले. "मी बाराव्या पुस्तकावर बोलेन," ते म्हणाले. "लोक अर्ध्यात सोडतात ते. मी त्यांना सांगेन, शेवटापर्यंत का जायचं असतं."

बारावं पुस्तक म्हणजे एका दीपगृहाच्या रखवालदाराची विधवा आणि तिला छळणारा दीर यांची साडेचारशे पानांची जुनी कादंबरी. शेवटी ती विधवा कुणावर सूड घेत नाही. दिव्याची किल्ली दाराच्या कडीला अडकवते आणि मागं न बघता जमिनीच्या दिशेनं चालू लागते. बस. लेम्पीला तो शेवट कधीच पटला नव्हता.

तिनं नवा लिहिला. दहा दिवस, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या वळणाच्या इंग्रजीत, लेखकाची लांब लांब वाक्यं अंगात मुरवून. तिच्या शेवटात धुक्याची संध्याकाळ असते, दिराची होडी परतत असते आणि विधवा दिवा विझवते. मग पायरीवर बसून लाकूड फुटल्याचा आवाज ऐकते. लिहिताना लेम्पीचा हात थांबत नव्हता. उकळत्या दुधासारखं वर येत होतं सगळं.

समारंभाच्या आदल्या दिवशी तिनं ती पानं पुस्तकात ठेवून सरांना वाचून दाखवली. वाचून झालं तेव्हा सर खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं होतं.

"काय लिहिलंय," ते म्हणाले. "प्रत्येक वाक्य जागच्या जागी. असं लिहिणारा माणूस शतकात एखादा होतो, लेम्पी."

 आयुष्यात तिच्या लिहिण्याला कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि म्हणावं ते यानंच. तेव्हाच खरं सांगून टाकता आलं असतं. पुस्तक मिटेपर्यंत तिनं विचार केला. मग म्हणाली, "सूप तापवते."

शनिवारी वाचनालयात साठेक माणसं होती. पास्टी, म्हणजे मटण-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्या, आणि कॉफी मांडलेली, भिंतीवर झाकलेली नावाची पाटी. सर काठी टेकत उभे राहिले आणि फार छान बोलले. हे पुस्तक आपण पाच वेळा वाचलंय म्हणाले. मग त्यांनी शेवट सांगितला: धुकं, विझवलेला दिवा, फुटणारी होडी. "आणि तिथं आपल्याला कळतं," ते म्हणाले, "की अपमान कधी शिळा होत नाही."

टाळ्या पडल्या. गावात ते पुस्तक पुरं वाचलेली माणसं मोजकीच. पण व्हर्ना टायलर तिथं होती, निवृत्त टपाल कारकून, वाचनमंडळ चालवणारी. ती जागेवरून म्हणाली, "सर, माफ करा, पण असं नाहीये ते. ती दिवा विझवत नाही."

सर हसले. "व्हर्ना, पुन्हा वाच."

"गेल्याच हिवाळ्यात वाचलंय. ती किल्ली ठेवून निघून जाते."

"माझी सेविका इथेच आहे. कालच तिनं वाचलंय. लेम्पी, ऊठ, शेवटचं पान वाचून दाखव यांना."

लेम्पी उठली. पुस्तक तिच्या पर्समध्ये होतंच. तिनं छापील शेवटचं पान सावकाश वाचलं. किल्ली, कडी, वाट.  सरांची मान हळूहळू आवाजाच्या दिशेनं वळली.

"काल तू हे नाही वाचलंस," ते म्हणाले.

"नाही. काल वाचलं ते मी लिहिलं होतं." मग तिनं सदतीस वर्षं तोंडात धरलेलं वाक्य सोडलं. "सर, तुम्ही पुस्तक वाचलेलंच नाहीत. कुणाकडून तरी ऐकून सांगताय. तुमच्या कपाटातली पुस्तकं आणून कुणीही बघा, खुणा कुठं थांबल्यात ते."

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. सर काठीवर रेलून उभे होते. पाटीवरचं कापड कुणी काढलं नाही. लोक पास्टी कागदात गुंडाळून घेऊन निघाले.

त्यांना घरी सोडायचं कामही तिचंच होतं. गाडीत अर्धी वाट गेल्यावर सर म्हणाले, "तू कोण आहेस?"

"लेम्पी कार्वोनेन. दहावी. उर्होची मुलगी. तुम्ही माझ्या बापाला माफी मागायला लावलीत."

 "नाही आठवत," सर म्हणाले. "खरंच नाही. वर्गात तीस-तीस मुलं असायची."

लेम्पीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.  इतकी वर्षं तिनं हा माणूस मनात बाळगला, जेवू घातला म्हणा ना, आणि त्याच्याकडे तिची नोंदसुद्धा नव्हती.

"ते प्रकरण," सर म्हणाले, "खरंच तू लिहिलंस?"

"हो."

"चांगलं होतं."

"मला माहितीय," ती म्हणाली आणि गाडी चालू केली.  तिनं त्यांना पायऱ्या चढवल्या, औषधं दिली, गाऊन काढून ठेवला आणि दार लावून घेतलं.

एजन्सीनं तिला काढून टाकलं. त्याचं तिला काही वाटलं नाही, वृद्धाश्रमात तिला जागा होती. वाचनकक्षाला नाव पडलं नाही. गावात दोन तट पडले. म्हाताऱ्याचं वय तरी बघायचं, असं म्हणणारे बरेच होते. दुकानात लेम्पी दिसली की ते मटणाच्या काउंटरकडे वळायचे. व्हर्नानं तिला वाचनमंडळात बोलावलं. ती दोनदा गेली, मग म्हणाली, तिथं बायका पुस्तकापेक्षा केकवरच जास्त बोलतात.

ऑक्टोबरात मिलवॉकीहून फोन आला. सरांची मुलगी होती. वडिलांना तिनं आपल्याकडे नेलं होतं.

"तुम्ही काय केलंत ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मी त्याबद्दल फोन नाही केला. बाबा रोज एकच विचारतात, लेम्पी वाचायला येईल का. फोनवर वाचलंत तरी चालेल म्हणतात. सगळी पुस्तकं, खरी. मी पैसे देईन. मी वाचायला बसले तर ते म्हणतात, तुझा आवाज चुकीच्या जागी थांबतो."

लेम्पी खिडकीतून बाहेर बघत होती. रेनो सौनासाठी, त्या फिनिश वाफेच्या न्हाणीसाठी, लाकडं फोडत होता.

"ते मला ओळखतात का आता?" तिनं विचारलं.

"नाव तर सारखं घेतात. लेम्पी कार्वोनेन."

लेम्पीनं डोळे मिटले. 

"नाही जमायचं," लेम्पी म्हणाली. "त्यांना सांगा, ती नाही म्हणाली. ती म्हणजे कोण, तेही सांगा."

तिनं फोन ठेवला, जाकीट घातलं आणि रेनोला लाकडं उचलू लागायला अंगणात गेली. "कोण होतं?" त्यानं विचारलं. "एक गिऱ्हाईक," ती म्हणाली. "परत पाठवलं." सौना तापायला अजून तासभर होता. ती पायरीवर बसून राहिली. तिला वाईट वाटत नव्हतं, आणि वाटेल याची ती वाटही बघत नव्हती.