कानसेनांच्या पायाखाली

रेडिओवर दर रविवारी अनोळखी संगीतकारांना उजेडात आणणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे कानसेन म्हणत. हे नाव त्यांनी स्वतःच पाडून घेतलं होतं, पण ते असो. कुणी मोठं झालं की ‘मी तर याला तीन वर्षांपूर्वीच ऐकलं होतं’ हे वाक्य त्यांच्या ओठांवर तयार असे, आणि ते तपासायला कुणाला वेळ नसे.

यंदा मात्र खरंच घबाड हाती लागलं. रेकॉर्डच्या दुकानात कोऱ्या लेबलाची एक तबकडी आली. हाऊस म्युझिक, पाय थांबू न देणारा ठेका, आणि त्यावर एका आफ्रिकन बाईच्या आवाजाचे तुकडे, फिरून फिरून येणारे. कानसेनांनी रेडिओवर सांगून टाकलं की हा आवाज कुठल्या तरी दुर्गम गावात जाऊन टिपलाय, आणि मागचा तो धप्प धप्प ढोल हजार वर्षं जुन्या परंपरेतला आहे. हजार हा आकडा त्यांना चहा पिताना सुचला होता. त्याच भरात, पुढच्या रविवारी हा अज्ञात कलाकार नवं गाणं घेऊन येणार, असंही त्यांनी जाहीर केलं. कलाकाराला अर्थातच याचा पत्ता नव्हता. आता तो आला नाही तर इतक्या वर्षांची अब्रू जाणार होती.

दुकानदाराच्या मागे लागून लागून त्यांनी शेवटी कलाकाराचं ठिकाण काढून घेतलं. ते त्यांच्याच इमारतीतलं निघालं. तळमजल्यावरची लॉन्ड्री. काखेत कळसा म्हणतात तो हा.

अकरा वर्षं त्यांचे शर्ट इस्त्री करणारा माणूस प्रेसमागे उभा होता. शेजारी त्याची आफ्रिकेहून आलेली बायको त्यांच्याच शर्टांच्या घड्या घालत होती. अभिनंदन ऐकून इस्त्रीवाला संकोचला. म्हणाला, आवाज हिचा. काम करताना आईची गाणी म्हणायची, तेव्हा मोबाइलवर घेऊन ठेवला.

“आणि तो ढोल?” कानसेनांनी वही उघडली.

“तो तुमचा,” इस्त्रीवाला खाली बघत म्हणाला. “ही गायला लागली की तुम्ही वरून दांड्यानं फरशी ठोकायचात. काढून टाकणार होतो. पण तालात होतं.”

कानसेनांनी वही मिटली. तरी लाज गिळून विचारलंच, रविवारी ताई एखादं नवं गाणं म्हणतील का?

तिनं कॉलर नीट केली. “दोन वर्षं झाली, मी गात नाही. तुम्हाला त्रास होत होता ना.”

आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. इस्त्रीवाला इतके दिवस जुनंच रेकॉर्डिंग कापून कापून पुरवत होता.

वर येऊन कानसेनांनी झाडूचा दांडा माळ्यावर टाकला. त्यांना स्वतःची मनापासून शरम वाटली. शनिवारी सतरंजी बाजूला सारून ते फरशीला कान लावून पडले, ते लॉन्ड्री बंद होईपर्यंत. खालून फक्त प्रेसची वाफ ऐकू आली.