दर तिथीला तीन पेरं

माझ्या मोठ्या काकांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता आणि ते ऑपरेशनला तयार नव्हते. का म्हणून विचारलं की एकच उत्तर, "उघाडी कोन बघंल?"

उघाडी म्हणजे आमच्या खारबांधातलं लाकडी दार. ओहोटीला ते शेतातलं पाणी खाडीत सोडतं, आणि भरतीला पाण्याच्या रेट्यानेच मिटतं. मध्ये फांदी किंवा प्लास्टिकचा गठ्ठा अडकला तर मात्र मिटत नाही. मग खारं पाणी भातात शिरतं, आणि पुढची दोन-तीन वर्षं तिथे काही पिकत नाही. म्हणून काका भरतीआधी जाऊन दार साफ करतात. माझ्या जन्माआधीपासून करतात. डॉक्टर म्हणाले होते, आता लांबवलंत तर डोळा जाईल.

मी घरूनच नोकरी करते. नखाएवढ्या चिपसाठी प्रोग्राम लिहिते. पडद्यावर दाखवण्यासारखं त्यात काही नसतं, त्यामुळे मी दिवसभर नेमकं काय करते हे घरात कुणालाच पटलेलं नाही. मी काकांना म्हटलं, दारावर लक्ष ठेवणारं यंत्र मी बसवते. आतलं पाणी चढायला लागलं की माझा फोन वाजेल, मी जाऊन अडकलेलं काढीन. तुम्ही डोळा करून घ्या.

पहिलं यंत्र मिनिटामिनिटाला पाणी मोजायचं. चार दिवसांत बॅटरी संपली. काका यंत्राभोवती एक फेरी मारून म्हणाले, "भरती कवा येनार ते आपल्याला ठाव हाय. मंग ह्याला रातदिस जागं कशाला ठेवतेस, पोरी?"

एवढं शिकून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी पंचांगातल्या तिथी चिपमध्ये भरल्या आणि हिशेब लिहिला. भरतीच्या दोन तास आधी जाग, कारण त्याआधी खाडीचं पाणी दारापर्यंत पोचतच नाही. भरती पूर्ण झाली की पुन्हा झोप. झोपलेली चिप इतकी कमी वीज खाते की माझ्या साध्या मीटरवर आकडाच हलेना. हे काम करून इतकी वर्षं झाली, तरी ते बघून मी दर वेळी थक्क होते.

अमावास्येला दुपारी बाराच्या सुमारास चाचणी घेतली. दारात मुद्दाम फळी अडकवली, पाणी चढलं, फोन वाजला. काकूने शेजारणीला बोलावून दाखवलं. काका नुसते "हं" म्हणाले.

चतुर्थीला तीनच्या सुमारास मी मीटिंगमध्ये होते. काका गुडघ्यापर्यंत भिजलेले, हातात काटेरी फांदी घेऊन दारात उभे राहिले. "उघाडीत अडकली व्हती. तुझं यंत्र निजलंय." ते मला न सांगता रोज बांधावर जात होते. मी माफी मागायला लागले, तर म्हणाले, "डोळा गेला तं माझा एक जाईल. पानी शिरलं तं समद्यांचं जाईल. ऱ्हाऊ दे ते ऑपरेशन."

पुढचे दोन दिवस मी लॅपटॉप घेऊन बांधावर खेटे घातले. सेन्सर तपासला, वायर बदलली. प्रत्येक बदल खरा की खोटा हे कळायला पुढच्या भरतीची वाट बघायची, म्हणजे बारा तासांत एक गोष्ट शिकायची. शेवटी माझीच मला चीड आली. तोच प्रोग्राम लॅपटॉपवर चालवला, त्याला खोटं घड्याळ दिलं आणि महिन्याच्या सगळ्या तिथी एका दमात पुढे ढकलल्या. पापणी लवायच्या आत यादी आली. प्रत्येक तिथीपुढे भरतीची वेळ एकच, बारा.

खऱ्या वेळा ताडून बघायला मी काकांना ओटीवर बसवलं. उजेड खुपतो म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. मी तिथी सांगायचे, त्यांचा अंगठा बोटांवरून सरकायचा आणि वेळ यायची.

"काका, हे मोजता कसं?"

"दर तिथीला तीन पेरं. चार पेरांचा तास. आधी समदी मोजायची, मंग वाटायची. पंचमीला पंधरा पेरं. तीन तास झालं, तीन पेरं उरली. पावने चार. उरल्याली टाकायची नसतात."

मी हिशेबाची ओळ उघडली. मी नीटनेटकेपणाच्या हौसेने पाऊण आधीच काढून ठेवली होती, तीन भागिले चार. ती चिप फक्त पूर्ण अंक जाणते. तीन दाणे चौघांत वाटायला सांगितले तर प्रत्येकाला शून्य देते आणि उरलेले फेकून देते. शून्याला कुठल्याही तिथीने गुणा, शून्यच. म्हणजे घड्याळात बारा. अमावास्येला भरती येतेच बाराच्या सुमारास, म्हणून माझी चूक सगळ्यांसमोर शहाणी ठरली होती.

आधी गुणायचं, मग भागायचं, बाकी सांभाळायची, हे मी ऑफिसात नव्या मुलांना शिकवते. मला लाज वाटली, हसू आलं, आणि अंगावर काटाही आला. ज्या माणसाने आयुष्यात एक ओळ प्रोग्राम लिहिला नाही, त्याच्या बोटांवर तो चालू होता. त्याच्याही आधी कुणाकुणाच्या बोटांवर चालला असेल, आणि त्यावर हा बांध उभा राहिला.

एक ओळ बदलली. पुन्हा सगळा महिना काकांना वाचून दाखवला. एकही वेळ चुकली नाही तेव्हा काकांनी डोळे उघडले. "डॉक्टरला फोन लाव," म्हणाले.

ऑपरेशन अलिबागला झालं, त्या दिवशी वद्य षष्ठी होती. साडेतीनला माझा फोन वाजला, आतलं पाणी चढत होतं. मी चपला न घालता धावले. पाण्याच्या बाटल्यांचा एक गठ्ठा दारात रुतला होता. तो ओढून काढला आणि दार मिटलेलं डोळ्यांनी पाहिलं.

साडेचारला काकूच्या फोनवरून काका बोलले. मागून काकू सांगत होती, कधीपासून चादरीखाली बोटंच मोजतायत.

"दार मिटलं का गं?"

"मिटलं, काका."

"अन् ते यंत्र?"

"जागं आहे."

मग म्हणाले, "मंग मी निजतो."